मुलांचे रिंगण



आज शाळेतल्या एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. मी चौतीस वर्षे मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर झालो. आता घरी असतो, गुरे बघतो.

आपण पारावर कसे बसतो? गोल बसतो. बोलणाऱ्याचे तोंड सर्वांना दिसते. शाळेत मात्र मुले ओळीने बसतात. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. मास्तर विचारणार, मूल उत्तर देणार. मूल मुलाशी बोलले, की छडी! मीही तसलाच मास्तर होतो. खोटे कशाला सांगू?

पुढे मी मुलांचे रिंगण धरू लागलो. रोज वीस मिनिटे. मास्तरानेही खालीच बसायचे, मुलांच्या रांगेत. नदीतला एक गुळगुळीत गोटा घ्यायचा. ज्याच्या हातात गोटा, त्याने बोलायचे. बाकीच्यांनी ऐकायचे. कोणी हसायचे नाही. बोलायचे नसेल, तर गोटा पुढे द्यावा. त्याला कोणी टोचायचे नाही. काल काय आवडले? कशाची भीती वाटली? कोणी मदत केली? असले साधे प्रश्न.

हे काही माझे डोके नव्हे. जर्मनी देशात फ्रोबेल नावाचे गुरुजी होते. त्यांनी सन १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली. तिथे मुले गोल करून खेळत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच त्याच्या अंगणात नेली.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जात, तोही जाई. वर्गात तोंड उघडत नसे. मी त्याला मंद समजत होतो. दोन महिने त्याने गोटा मुकाट्याने पुढे दिला. एके दिवशी धरून ठेवला. म्हणाला, “आमची शेळी व्याली. एक करडू मेलं.”

एका मुलीने विचारले, “आणि दुसरं?”

“दुसरं हाय.”

शाळा सुटल्यावर चार पोरे ते करडू बघायला त्याच्या खोपीवर गेली. दुसऱ्या दिवसापासून तो मधल्या सुट्टीत एकटा बसला नाही.

पण पुढचेही ऐका. महिन्याभराने तो रिंगणात म्हणाला, “काल बापानं आईला मारलं.” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गिरणीवर गेली, विहिरीवर गेली. बापाने पोराला झोडपले. शाळा बंद केली.

चूक माझी होती. रिंगणातले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हे मी मुलांना सांगितलेच नव्हते. मी तीनदा त्या घरी गेलो. बाप म्हणाला, “गुरुजी, माझी अब्रू गेली.” मी हात जोडले. अकरा दिवसांनी पोरगा आला. पण वर्ष संपेपर्यंत गोटा हातात आला, की तो पुढेच देई.

म्हणून सांगतो. पोर शाळेतून आले, की त्याला दुसऱ्याच्या घरचे खोदून विचारू नका. आयाबायांनो, तुम्हीही नाही, आणि बाप्येही नाही. मात्र बाहेर न्यायचे नाही म्हणजे झाकून ठेवायचे, असे नव्हे. मूल मार खाते असे कळले, तर मास्तराने त्याला एकट्याला बाजूला घ्यावे, विचारावे, मदत आणावी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे. पैसे पडत नाहीत.

आता छडीचेही ऐका. सन २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला मारायला, त्याचा छळ करायला त्यात बंदी आहे. मुलाने न भिता बोलावे, असेही त्यात लिहिले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीत चारांत तीन सभासद पालक असतात. निम्म्या बाया असतात. म्हणजे तुम्हीच की!

पुढच्या सभेला विचारा, “गुरुजी, पोरं गोल बसतात का?” मास्तर म्हणतील, वेळ नाही. तर फक्त वीस मिनिटे मागा. आणि गोटा तुम्हीच नदीवरून नेऊन द्या.