कॅसेटची दुसरी बाजू

(डोंबिवलीतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘एचआयव्ही आणि बाईचा घरावरचा हक्क’. आणि मी पिशवीतून काढते आहे ही जुनी कॅसेट. तुमच्यातल्या काही जणी हसल्या, ते दिसलं मला. हसा. पण ही कॅसेट नसती तर मी आज इथे उभी राहिले नसते.

ही माझ्या दादाची. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट त्याने १९९० साली विकत घेतली आणि डोंबिवली पूर्वेला एका दुकानात भरून आणली. तेव्हा गाणी अशी भरून मिळत. त्यावर त्याने बॉलपेनने लिहिलं, ‘क्वीन – ग्रेटेस्ट हिट्स’. क्वीन म्हणजे राणी, पण बँडमध्ये चारही पुरुष. माझी आई बरेच दिवस समजत होती की कोणी बाई गाते आहे.

आता हा प्रकार काय ते थोडक्यात सांगते. एखाद्या बँडची दहा वर्षांत जी गाणी गाजली, ती एकत्र करून कंपनी काढते ती ही कॅसेट. १९८१ साली इंग्लंडमध्ये हा संग्रह निघाला. सतरा गाणी, जवळजवळ तासभराची. तिथे आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. गंमत अशी की वेगवेगळ्या देशांत याच नावाखाली वेगवेगळी गाणी दिली होती. जिथे जे खपलं ते तिथे ‘ग्रेट’.

दादा मला सांगायचा, ‘अगं, हा गाणारा आपल्या पाचगणीचा आहे.’ मला वाटायचं, फेकतो आहे. पण खरं होतं. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बुलसारा, झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तिथेच त्याने मुलांचा पहिला बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे जगाने त्याला फ्रेडी म्हणून ओळखलं. फारोखबद्दल आणि पाचगणीबद्दल तो चारचौघांत फारसं बोलत नसे.

१९९१ च्या नोव्हेंबरात, २३ तारखेला, त्याने जाहीर केलं की मला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा. दादा त्या दिवशी जेवला नाही. त्याचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवीन आलेली वहिनी मला विचारत होती, ‘कोण वारलं हो, नात्यातलं का?’

दादा औषध कंपनीत होता, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. १९९६ मध्ये तो गेला. कशाने, ते घरात कोणी बोललं नाही. दाखल्यावर क्षयरोग लिहिलं होतं. ज्या इस्पितळात तो होता तिथे त्याच्या खाटेपाशी कोणी जात नसे, जेवणाचं ताट दारातून सरकवत. हे सगळं पुसायला, भरवायला वहिनी. मग तिची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह निघाली. चार वर्षांची मुलगी मात्र निगेटिव्ह. त्यावर माझ्या आईने काढलेला अर्थ असा, की हिनेच आणलं असणार. फिरतीवर कोण जात होतं, हे त्या घरात मोजायचं नव्हतं.

चौदाव्या दिवशी वहिनीला माहेरी पोचवलं. पोचवलं म्हणजे काय, तर दोन पिशव्या आणि मुलगी घेऊन कल्याणच्या गाडीत बसवलं. मी चोवीस वर्षांची होते, ठाण्याला कारकुनी करत होते. फलाटावर मी होते. मी काही बोलले नाही. हे मी दर भाषणात सांगते, कारण आपण ‘सासरच्यांनी हाकललं’ असं लिहितो तेव्हा त्या सासरच्यांत एखादी शिकलेली नणंद असते आणि तिचा त्या अहवालात उल्लेख नसतो.

दादाच्या मागे घरात जे बोललं जाई ते मला नंतर कॅसेटसारखं वाटू लागलं. किती हुशार, दिवाळीला फडके रोडवर कसा रुबाबात जायचा, पहिल्या पगारात आईला साडी कशी आणली. सगळी गाजलेली गाणी. बाकीचं गाळलेलं. आणि गाळलेल्यात वहिनी होती.

आपल्याबद्दलही बोलू. आपल्या संघटनांचे वार्षिक अहवाल काढून बघा. जिंकलेल्या केसेस, मोर्चे, फोटो. ज्या बाईला आपण तीन वेळा तारखेला घेऊन गेलो आणि चौथ्या वेळी ती नवऱ्याकडे परत गेली, तिचं पान कुठे आहे? निवड केल्याशिवाय काही छापता येत नाही, हे मला कळतं. पण निवडणारी कोण, आणि कोणाला दाखवायला निवडते आहे, हे विचारायला काय हरकत आहे?

१९९८ साली मी एका महिला गटात यायला लागले आणि तिथे वहिनी मला भेटली. मी तिला शोधत नव्हते. ती मदत मागायला आली होती आणि मी नोंदवहीत नावं लिहीत होते. तिने मला बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्हीच लिहा ताई, तुम्हाला सगळं माहीत आहे.’

केस घराची होती. वन रूम किचन, दादाने स्वतःच्या पैशाने घेतलेलं. सोसायटीत नॉमिनी म्हणून वडलांचं नाव, लग्नाआधी लावलेलं, नंतर बदललेलं नाही. वडील म्हणत, कागद माझ्या नावाचा, घर माझं. इथे नीट ऐका, कारण हा प्रश्न आजही दर महिन्याला माझ्याकडे येतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरता तो माणूस. वारसांचा हक्क त्याने संपत नाही. दादाने मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात मृत पुरुषाची बायको, मुलं आणि आई पहिल्या वर्गात येतात. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे वहिनी, तिची मुलगी आणि माझी आई, तिघींचा तिसरा तिसरा हिस्सा. वडलांचा शून्य. हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा वडील खुर्चीवरून उठलेच.

मी जबाब दिला. वर्षभर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. २००३ मध्ये तडजोड झाली, फ्लॅट विकला, दोन हिस्से वहिनीला आणि पुतणीला मिळाले. त्यात टिटवाळ्याला एक खोली आली. आईने आपला हिस्सा सोडला नाही. मीही तिला सोड म्हटलं नाही. कायद्याने तिचा होता आणि तिच्याही नावावर आयुष्यात तेवढंच काही होतं.

आज मार्ग थोडे जास्त आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यातही बाधित बाईला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. कायदा वाचून कोणी दार उघडत नाही, ते उघडायला आपल्यातल्या दोघीतिघी बरोबर जायला लागतात, पण हातात कागद असला की आवाज वेगळा लागतो. आणि औषध. २००४ च्या एप्रिलपासून सरकारी केंद्रांवर ते मोफत मिळू लागलं. वहिनीला ते वेळेत मिळालं. दादाला आठ वर्षं उशीर झाला.

फ्रेडीने लंडनमधलं आपलं घर मेरी ऑस्टिन या जुन्या मैत्रिणीला मृत्युपत्राने दिलं. लग्नाची बायकोही नव्हती. कागद करून ठेवला म्हणून तिला मिळालं. माझा भाऊ त्याची सतरा गाणी पाठ म्हणायचा, पण नॉमिनीचा फॉर्म बदलायला त्याला पाच वर्षांत वेळ झाला नाही.

या बँडला डोक्यावर घेऊ नका, हेही सांगते. जाड्या बायकांवरचं त्यांचं एक गाणं या संग्रहात आहे. १९७८ मध्ये सायकलवरच्या गाण्याबरोबर ते निघालं तेव्हा जाहिरातीसाठी पासष्ट तरुणींना विवस्त्र करून सायकली चालवायला लावल्या होत्या. २०२३ मध्ये लहान मुलांसाठी हा संग्रह काढला तेव्हा ते गाणं मुकाट्याने गाळलं. वहिनी ते तेव्हाच पुढे ढकलायची, शब्द कळत होते म्हणून नव्हे, ठोका आवडत नव्हता म्हणून. १९८४ ची त्यांची एक चित्रफीत मात्र केबल आल्यावर आम्ही दोघींनी बघितली. मिशीवाला फ्रेडी आखूड स्कर्ट घालून घर झाडतो आहे. बालगंधर्व बघितलेल्या आमच्या आजीने त्यावर फक्त ‘मिशी तरी काढायची’ एवढंच म्हटलं. वहिनी हातातला कुंचा तसाच धरून म्हणाली, ‘एक दिवस झाडलं की गाणं होतं यांचं.’

राहिली कॅसेट. गाणी तासाभराची, कॅसेट दीड तासाची. म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेवटी पंधरा पंधरा मिनिटं कोरी. दादा ती तशीच ठेवायचा. १९९३ च्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या अंगणात भोंडला झाला, पाटावर हत्ती काढला होता, आणि वहिनीने टेपरेकॉर्डर बाहेर आणून दुसऱ्या बाजूच्या शेवटी ते भरून घेतलं. दादा चिडला होता, इंग्रजी गाण्यांच्या शेजारी हे काय म्हणून. तिला हाकलली तेव्हा कॅसेट माझ्या कपाटात राहिली. मी ती खूप वर्षांनी ऐकली. त्यात खिरापत ओळखताना ती जोराने हसते, आणि मागे माझाही आवाज आहे.

मागच्या वर्षी पुतणीने ठाण्याला नेऊन हे सगळं फोनमध्ये घालून आणलं. वहिनीला आज ये म्हटलं होतं. ती म्हणाली, ‘तुम्हीच जा, मला गोळ्या आणायला जायचं आहे. पण ते ऐकवा त्यांना.’

तो स्पीकर जरा इकडे करा. शेवटचं गाणं अर्धंच आहे, तिथे पट्टी संपली.