मावशीच्या दारातली गाडी

(वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: हा बोललेला भाग आहे. त्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत, उरलेले तुमच्या नशिबी.)

तर झालं असं. २०२५ च्या जानेवारीत मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. सेकंडहँड हॅचबॅक, सात वर्षांचं कर्ज. गाडी घेतली की आमच्याकडे ती आधी मावशीच्या दारात जाते. मावशी राहते कोरेगाव तालुक्यात. तिने नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. हार घातलेल्या गाडीशेजारी तिचा पदर सावरलेला एक फोटो मी काढला. खूप गोड आला होता. मी तो इन्स्टावर आणि फेसबुकवर टाकला, तिला टॅग केलं, लिहिलं, 'मावशीच्या दारात नवी गाडी'.

फेब्रुवारीत तिचा फोन. दुपारी, मी मीटिंगमध्ये. मावशी ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करत नाही, म्हणून मी घाबरून उचलला.

"पोरी, तो फोटो काढ आधी."

"कुठला गं?"

"गाडीचा. माझ्या दारातला. भिशीतल्या बायका म्हणत्यात, फेसबुक बघून नावं कापत्यात म्हणं."

नावं म्हणजे लाडकी बहीण योजनेतली नावं. महिन्याचे दीड हजार. तुम्हाआम्हाला पुण्यात दोन वीकेंडच्या पिझ्झाचे, मावशीच्या घरात बीपीच्या गोळ्या, गॅस आणि भिशीचा हप्ता. तेव्हा चारचाकीवाल्या घरांची तपासणी सुरू झाली होती आणि अंगणवाडी सेविका याद्या घेऊन दारोदार फिरत होत्या. त्यांना तरी का दोष द्यायचा, एक नवं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, एवढंच.

मी त्या संध्याकाळी योजनेचे निकष काढून बसले. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ट्रॅक्टर सोडून चारचाकी नावावर नको. माझी गाडी माझ्या नावावर, पत्ता पुण्याचा. भाचीच्या गाडीचा मावशीशी काही संबंध नाही. आणि तपासणी होत होती ती आरटीओच्या नोंदींवरून. फेसबुक बघा असा कुठलाही आदेश मला सापडला नाही. मी मावशीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "तुझं खरं असंल. पण काढ."

मी काढला. आणि मग रात्रभर मला ते खुपत राहिलं. कारण तिने काहीच लपवलं नव्हतं, आणि फोटो काढल्यावर मात्र लपवल्यासारखं दिसत होतं.

मग डोक्यात आलं की कुठलं सरकार खरंच असं बघतं का? मदत घेणाऱ्या माणसाचं सोशल मीडिया? तर बघतं. आणि याचा सगळ्यात जास्त कागदोपत्री पुरावा मिळतो तो ब्रिटनमध्ये.

तिथे हे खातं आहे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स. सगळे डीडब्ल्यूपी म्हणतात. बेकारी भत्ता, अपंगत्वाची मदत, पेन्शन, सगळं यांच्याकडे. २०१२ साली त्यांनी युनिव्हर्सल जॉबमॅच नावाची वेबसाइट काढली. चालवायला दिली मॉन्स्टर कंपनीला, हो, तीच मॉन्स्टर जिच्यावर आपले सीनियर सीव्ही टाकायचे. बेकारी भत्ता घेणाऱ्याने तिथे नोकरी शोधायची. त्यात एक छोटासा चौकोन होता: माझं खातं जॉबसेंटरच्या अधिकाऱ्याला बघू द्यायला माझी हरकत नाही. टिक केलं की तुम्ही काय शोधलं, कुठे अर्ज केला, सगळं समोरच्या टेबलावर. कायद्याने ती टिक सक्तीची नव्हती. पण विचार करा, पुढच्या आठवड्याचे पैसे ज्याच्या हातात आहेत तो माणूस समोर बसून म्हणतोय, 'करा ना टिक'. मी ॲपच्या परमिशनच्या स्क्रीन बनवते. 'ऐच्छिक' हा शब्द किती लवचिक असतो ते मला माहितीये.

२०२१ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या लंडनच्या संस्थेने डीडब्ल्यूपीच्या तपास अधिकाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक वाचून काढलं. ९९५ पानं! आमच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन चार पानांचं आहे आणि तेही कुणी वाचत नाही. त्या पानांत पाळत कशी ठेवायची, कुणाकडून माहिती मागवायची, हे सगळं आहे. बँका, वीज आणि पाणी कंपन्या, शिक्षणसंस्था, यांच्याकडून माहिती मागायचा अधिकार तर तिथल्या २००१ च्या कायद्यानेच दिलाय. आणि त्याच पानांत सोशल मीडियाही आहे.

मात्र तिथे एक कुंपण आहे, आणि ते मला इंजिनियर म्हणून आवडलं. पाळतीबद्दलचा २००० सालचा कायदा आहे, त्याला रिपा म्हणतात. त्याखालच्या २०१८ च्या नियमावलीत लिहिलंय की अधिकाऱ्याने तुमचं उघडं प्रोफाइल एकदा नजरेखालून घातलं तर सहसा परवानगी लागत नाही. पण तो पुन्हा पुन्हा येऊन तुमची माहिती जमा करायला लागला, तर ती पाळत होऊ शकते आणि तिला रीतसर मंजुरी लागू शकते. खोटी ओळख घेऊन फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून बोलतं केलं, तर ते त्याहून वरचं, गुप्त खबऱ्याचं काम. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: माणसाने पोस्ट सार्वजनिक ठेवली म्हणून ती सरकारच्या छुप्या तपासासाठी टाकली होती असं धरायचं नाही. प्रायव्हसी सेटिंग लावलेलं असो वा नसो. चौकात गप्पा मारल्या म्हणजे मागे कुणी वही घेऊन उभं राहावं असं नाही ना.

आता तुम्ही म्हणाल, चोर असेल तर पकडायला नको का? पकडायला हवाच. २०२३-२४ मध्ये डीडब्ल्यूपीने फसवणूक आणि चुका मिळून ९.७ अब्ज पौंड जास्त वाटले, एकूण वाटपाच्या ३.७ टक्के. पैसा लोकांचाच आहे. माझा आक्षेप पुराव्याच्या दर्जावर आहे.

म्हणजे बघा, तिथे पीआयपी नावाची मदत मिळते, दीर्घ आजार किंवा अपंगत्व असणाऱ्यांना. ती आजाराच्या नावावर मिळत नाही, तुम्हाला रोज काय जमतं आणि काय जमत नाही यावर मिळते. चालण्याचे निकष मीटरमध्ये आहेत, २० मीटर, ५० मीटर. आणि नियम असा की एखादी अडचण निम्म्याहून जास्त दिवस असली पाहिजे. संधिवात असलेली बाई समजा. महिन्यातले वीस दिवस अंथरुणात, दहा दिवस बरी. फोटो ती कुठल्या दिवशी टाकणार? बऱ्या दिवशीच! अंथरुणातला सेल्फी कोण टाकतं? इन्स्टाग्राम म्हणजे आपल्या दहा दिवसांचा अल्बम, आणि कायदा विचारतोय उरलेल्या वीस दिवसांबद्दल. शिवाय फोटोत ती समुद्रकिनाऱ्यावर उभी दिसते, तिथे उचलून कुणी नेलं आणि नंतर तीन दिवस तिचं काय झालं, ते दिसत नाही.

दुसरी भानगड नात्यांची. तुम्ही एकट्या राहता की जोडीदारासोबत, यावर तिथे पैसे ठरतात. मग फेसबुकवरचं रिलेशनशिप स्टेटस, एकाच घरातले फोटो, 'माझं माणूस' असं लिहिलेली कॉमेंट, सगळ्याला अर्थ चिकटतो. आपल्याकडे तर चुलतभावालाही बायका 'माझा जीव' लिहितात.

आणि बहुतेक वेळा सरकार स्वतः येतही नाही. शेजारी येतो. डीडब्ल्यूपीकडे ऑनलाइन फॉर्म आहे, फोन आहे, नाव न देता कुणाचीही तक्रार करता येते. २०१५ पर्यंतच्या पाच वर्षांत लोकांनी दिलेल्या अशा खबरींपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत फसवणुकीचा पुरेसा पुरावा निघाला नाही. मावशीची भिशी आणि त्यांचा फॉर्म यात फरक फक्त इंटरफेसचा.

माझा कॉलेजचा एक मित्र लंडनजवळ असतो. त्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "आम्हाला ती मदत मिळतच नाही. माझ्या कार्डावर छापलंय, नो पब्लिक फंड्स. टॅक्स मात्र कापतात." वर्क व्हिसावरच्या आपल्या बहुतेक पोरांची तीच अट. मग तो जरा थांबून म्हणाला, "पण हे सगळं शोधणारं सॉफ्टवेअर लिहायला आपली पोरं चालतात बरं का."

इथे मला एक गोष्ट सांगायचीये जी मी आधी कुठे सांगितलेली नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी मी एक मॉड्यूल लिहिलं होतं. दोन याद्या, नावं जुळवायची. एकीकडे पैसे मिळणारे लोक, दुसरीकडे मालमत्ता असणारे. मराठी नावं इंग्रजीत दहा प्रकारे लिहिली जातात, म्हणून शंभर टक्के जुळणी शक्य नाही. मी ८५ ही रेघ ठरवली. का ८५? छान वाटली म्हणून. खरंच, दुसरं कारण नाही. रेघेच्या वर गेलं की त्या ओळीपुढे 'संशयित' असं लागायचं.

दोन महिन्यांनी सपोर्टचं तिकीट आलं. एका माणसाचे पैसे थांबले होते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही दुसऱ्या कुणाशी जुळत होतं, गावही शेजारचं. जमीन त्या दुसऱ्याची. दोन महिने हा माणूस फेऱ्या मारत होता. मी ती नोंद दुरुस्त केली, तिकीट बंद केलं, आणि 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं: डेटा क्वालिटी. ते मूळ कारण नव्हतं. मूळ कारण होतं माझी ८५ ची रेघ, आणि 'संशयित' हा शब्द वाचल्यावर पुढच्या माणसाने फोन करून विचारायची तसदी न घेणं.

हे फक्त माझ्याच हातून झालं असं समजू नका. तेलंगणात समग्र वेदिका नावाची यंत्रणा आहे, वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जोडून अपात्र माणसं शोधणारी. रिक्षा ओढणाऱ्या एका दिवंगत माणसाला तिने नावाच्या साम्यावरून कारमालक ठरवलं आणि त्याच्या विधवेचं स्वस्त धान्य अडलं. तिथली रद्द झालेली रेशनकार्डं १८ लाखांहून जास्त होती, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला ती पुन्हा तपासायला सांगावं लागलं. गाडी. परत गाडीच.

इथे सोशल मीडिया कुठे आला? अजून आलेला नाही, पण दार कुठलं उघडं आहे ते बघा. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारी नोंदवह्यांतला तुमचा डेटा वापरायला त्यात सरकारला मोकळीक आहे. ठीक, तेवढं समजू शकते. पण कलम ३ मध्ये लिहिलंय की जी माहिती तुम्ही स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच नाही. आणि त्याखाली उदाहरण कुणाचं दिलंय? ब्लॉगवर मतं मांडताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती सार्वजनिक करणाऱ्या व्यक्तीचं. मी ते दोनदा वाचलं. ब्रिटनची नियमावली म्हणते, उघडं ठेवलं म्हणून ते छुप्या तपासासाठी खुलं झालं असं धरू नका. आपला कायदा म्हणतो, उघडं ठेवलंत ना, मग आमच्याकडे येऊ नका. २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरलाय, त्यामुळे कोर्टाचा रस्ता आहे. पण दीड हजारांसाठी कोरेगावहून कोर्टात कोण जाणार?

ब्रिटनही काही साधुसंत नाही. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने आणलेल्या विधेयकात बँकांनाच मदत घेणाऱ्यांची खाती चाळून निकषाबाहेरची वाटणारी कळवायला सांगायची तरतूद होती. म्हणजे संशय आधी नाही, चाळण आधी.

त्याच जुलैमध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसल्याने त्यांचे पैसे थांबवलेत. त्यात खोटे अर्ज होते, पुरुषही सापडले, हे खरंच आहे. मावशीचं नाव त्यात नव्हतं. पण तो आठवडा ती रोज बँकेचा मेसेज बघत होती.

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा मी तिचा फोन हातात घेतला. फेसबुक खातं तिच्या मुलाने उघडून दिलेलं: जन्मतारीख, मोबाइल नंबर, गाव, सगळं सगळ्यांना दिसणारं. मी ते बंद केलं, जुन्या पोस्ट फक्त फ्रेंड्सना दिसतील असं सेटिंग लावलं, टॅग आधी तिला विचारून लागेल असं केलं. दहा मिनिटांचं काम. तुमच्या घरी असे फोन असतील तर बघा एकदा.

मग तिला विचारलं, "तो गाडीचा फोटो परत टाकू का? आता बाहेरच्या कुणाला दिसणार नाही."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "ई-केवायसी होऊ दे," म्हणाली. "मग बघू."

ई-केवायसी सप्टेंबरात सुरू झालं. ओटीपी तीनदा आला नाही, चौथ्यांदा आला. झालं. फोटो अजून माझ्या गॅलरीतच आहे.