बुद्धाचे नाव दिलेला बॉम्ब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी बॉम्बचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला आपल्या देशाने पहिला अणुस्फोट केला, तो 'स्मायलिंग बुद्धा', म्हणजे हसरा बुद्ध, या नावाने ओळखला जातो. नाव तथागतांचे आणि वस्तू संहाराची. तेव्हा त्या नावाआड काय होते, हे आधी आम्हांला कळायला नको का?

ही गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये, १९३८ च्या डिसेंबरात. ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला, तर त्यात त्यांना बेरियम सापडले. याचा अर्थ लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी लावला : युरेनियमचा अणुगर्भ दुभंगला होता. माइटनर ज्यू कुळातली. हिटलरमुळे त्याच वर्षी जर्मनी सोडून पळालेली. नोबेल मात्र एकट्या हानला मिळाले. (आपल्याला हे काही नवीन नाही!)

गर्भ फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि शेजारचे गर्भ फोडतात. फटाक्यांची माळ एका वातीने पेटते ना, तसे. पण माळ एकामागून एक वाजते. इथे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि सारा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास आटोपतो. त्यासाठी पुरेसा माल एका जागी, तोही झटक्यात, आणावा लागतो. तो कसा आणायचा, यावरून बॉम्बचे प्रकार पडले.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर टाकला तो तोफेच्या तऱ्हेचा. नळीत युरेनियमचा एक भाग दुसऱ्यावर डागायचा. सुमारे ६४ किलो युरेनियम होते, त्यातले एक किलोसुद्धा पुरते फुटले नाही. तेवढ्याने वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. त्याचे नाव काय, तर 'लिटल बॉय'. छोटा मुलगा!

तीन दिवसांनी नागासाकीवर पडला त्याची तऱ्हा निराळी. सुमारे ६ किलो प्लुटोनियमचा गोळा आणि भोवती स्फोटके. ती सगळीकडून एकाच क्षणी उडाली की गोळा आत दाबला जातो. ही युक्ती अवघड, म्हणून १६ जुलैलाच न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तिची चाचणी झाली होती.

तिसरा हायड्रोजन बॉम्ब. यात अणुगर्भ फोडण्याबरोबर हायड्रोजनचे जड भाऊबंद जोडलेही जातात. पण त्याला लागणारी उष्णता द्यायला आत आधी अणुबॉम्बच फोडावा लागतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर फोडलेला बॉम्ब हिरोशिमाच्या सुमारे हजारपट होता. लांब समुद्रात मासेमारी करणाऱ्या जपानी बोटीवरच्या २३ जणांवर पांढरी राख पडली. त्यांतला एक त्याच सप्टेंबरात वारला.

आता हसऱ्या बुद्धाकडे येऊ. सरकारने त्याला शांततेसाठी केलेला स्फोट म्हटले. रचना मात्र नागासाकीच्याच जातीची. त्यातले प्लुटोनियम आले आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीतून; ती कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, असे आपली मंडळीही लिहितात. पंचांग काढून बघा. १९७४ ची वैशाखी पौर्णिमा ६ मे लाच होऊन गेली होती. १८ मे ला चंद्र अमावास्येकडे चालला होता. १९९८ साली मात्र ११ मे ला खरोखरच बुद्धपौर्णिमा होती. विहारा-विहारांतून सकाळी वंदना झाल्या, आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पोखरणला तीन स्फोट झाले. त्यांतला एक हायड्रोजन बॉम्बचा, असे सरकारने सांगितले.