आकाशातला आगंतुक आवाज

आपल्या रेडिओवरची एफएमची पट्टी १०८ मेगाहर्ट्झला संपते. काटा पुढं सरकत नाही, पण लहरी काही तिथं संपत नाहीत. लगेच पलीकडे विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे संकेत सुरू होतात आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक व नियंत्रण कक्ष यांचं बोलणं चालतं. हे बोलणं गुप्त नसतं, आणि ते मुद्दामच. आसपासच्या सगळ्या विमानांनी एकमेकांचं ऐकावं, कोण कुठं आहे ते त्यांना कळावं, हा त्यामागचा हेतू.

गंमत म्हणजे विमानं अजून जुनं एएम तंत्रच वापरतात. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन आवाज आदळले की कर्कश शिट्टी वाजते. निदान काहीतरी बिघडलं, एवढं कळतं. पण प्रत्येक वेळी तेवढं पुरत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, टॉवर आणि पॅन ॲमचं विमान एकाच क्षणी बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टी ऐकू आली, महत्त्वाचे शब्द मात्र नीट पोचले नाहीत. धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. कारणं इतरही होती. पण तिथं बोलणारे सगळे अधिकृत होते, हे लक्षात घ्या.

मग अनधिकृत माणूस मध्ये घुसला तर? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ हेच घडलं. कुणीतरी वैमानिकांना खोट्या सूचना देऊ लागला. संकटात सापडलेल्या विमानाची खोटी हाकही त्यानं दिली. उतरायला आलेल्या एका प्रवासी विमानाला उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागलं. नोव्हेंबरमध्ये १९ वर्षांच्या तरुणाला अटक झाली. याला कुणी खोडी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही.

यातली खरी अडचण सरळ रेषेची आहे. या लहरी डोंगर, इमारती ओलांडून वळत नाहीत. जमिनीवरचा लहानसा संच उंचावरच्या विमानाला स्वच्छ ऐकू येतो, पण काही मैलांवरच्या टॉवरला कदाचित येतच नाही. म्हणजे वैमानिकाला आदेश मिळाला आणि तो दिल्याचं ज्याला वाटायला हवं, त्या नियंत्रकाला काहीच ठाऊक नाही!

यावर हाताशी असलेला उपाय जुनाच आहे. मिळालेली सूचना वैमानिक मोठ्यानं परत म्हणतो. विमान उंचावर असल्यानं त्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो, आणि न दिलेला आदेश कानावर पडताच नियंत्रक त्याला थांबवतो. तेवढे दोन-चार सेकंद ती फ्रिक्वेन्सी मोकळी मिळायला हवी.