कोकण किनाऱ्यावरील दीपगृहे
(पिंपळी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हा लोकांचा समुद्राशी फारसा संबंध येत नाही. तरीही प्रत्येक सत्कार समारंभात आम्ही कोणाला ना कोणाला 'दीपस्तंभ' म्हणत असतो. म्हणून खरा दीपस्तंभ काय काम करतो, हे आज थोडक्यात मांडीत आहोत.

अलिबाग तालुक्यात थळच्या समोर खांदेरी बेट आहे. इंग्रजांचा विरोध न जुमानता छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ साली तेथे किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेस पाण्यात खडकांची रांग आहे. जहाजे तिच्यावर आदळू नयेत म्हणून १८७५ साली प्राँग्ज दीपगृह बांधले गेले. याच सुमारास, १८६९ साली, जपाननेही आपल्या किनाऱ्यावर आधुनिक पद्धतीचे पहिले दीपगृह उजळविले.

दीपगृहाची खरी ताकद भिंगात असते. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल या शास्त्रज्ञाने काचेची कडी रचून, चहूकडे विखुरणारा प्रकाश एका झोतात दूरवर पाठविण्याची युक्ती शोधली. प्रत्येक दीपगृहाची उघडझापही वेगळी असते. किती सेकंदांनी किती वेळा प्रकाश चमकतो, हे मोजून खलाशी ते दीपगृह ओळखतो. दीपगृह जहाजाला ओढून नेत नाही. तू कोठे आहेस आणि धोका कोठे आहे, एवढेच ते सांगते. सुकाणू खलाशाच्याच हाती राहते.

वीज येण्यापूर्वी तेल भरणे, काजळी पुसणे, भिंग फिरविणाऱ्या यंत्राला चावी देणे ही कामे तेथील राखणदार रोज करीत. एक रात्र दिवा विझला तर त्याच रात्री जहाज खडकावर जाण्याची भीती. आज जहाजांवर उपग्रहाद्वारे दिशा कळते. तरी दीपगृहे चालूच आहेत, कारण यंत्र कधी दगा देईल याचा नेम नाही.

बंधू-भगिनींनो, माणसाला दीपस्तंभ म्हणून हार घालणे सोपे आहे. पण आपल्या वस्तीतील अभ्यासिकेचा दिवा परीक्षेच्या महिन्यापुरता लागून चालणार नाही. तो रोज ठरलेल्या वेळी लागला पाहिजे. किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल, हे आपण आजच वाटून घेऊ या. पुढची वाट मुले स्वतः काढतील.