‘या दिवसांत कंबर दुखायचीच’



संयोजकांनी मला ‘आयटीतला माझा प्रवास’ हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघींनी मला खासगीत एकच प्रश्न विचारला. एकीच्या भाचीचं, एकीच्या नणंदेचं, एकीच्या धाकट्या जावेचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. आता दिवस गेलेत आणि पाय पुन्हा दुखतोय, काय करायचं? तिघींना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच सांगते. मुलग्यांनो, तुम्हीही ऐका. घरात ही तक्रार पहिल्यांदा तुमच्याच कानावर येते.

आपल्याकडे पाठदुखी म्हटलं की कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी वाहणारे हमाल आठवतात. मी लॅपटॉपपेक्षा जड काही फारसं उचललेलं नाही, तरी २०१२ मध्ये माझी कमरेतली सगळ्यात खालची गादी सरकली. रिपोर्टात तिला एल५-एस१ म्हणतात. उजव्या पायाची नस दबली, ऑपरेशन झालं, पाय मोकळा झाला.

२०१५ मध्ये मी गरोदर राहिले आणि पाचव्या महिन्यात ती कळ परत आली. बसायच्या जागेपासून मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट करंगळीपर्यंत. शिंक आली की डोळ्यांसमोर काजवे.

सासूबाई म्हणाल्या, “या दिवसांत कंबर दुखायचीच गं. आम्ही नवव्या महिन्यापर्यंत खालच्या नळावरून हंडे आणलेत.” आणलेच होते त्यांनी, तीन जिने चढून. ऑफिसातल्या मैत्रिणी तेच म्हणाल्या. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले, त्यांनीही कॅल्शियम लिहून दिलं आणि तेच वाक्य ऐकवलं.

आता यात थोडं गणित आहे, बाई समोर बसल्यात म्हणून जपून सांगते. गरोदरपणात निम्म्याहून अधिक बायकांची कंबर दुखते. पोट पुढे येतं, कमरेचा बाक वाढतो, रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे सांधे सैल होतात. उलट गादी सरकून नस दबण्याचं प्रमाण साधारण १०,००० गरोदर बायकांत एक असं धरतात. म्हणून ऐकणारा पहिल्याच अंदाजावर थांबतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना हे गणित लागू नाही. ऑपरेशनमध्ये अख्खी गादी काढत नाहीत, बाहेर आलेला तुकडा काढतात. उरलेली गादी तिथेच असते आणि तिला पडलेलं भोक कच्चंच भरतं. तोच त्रास त्याच जागी पुन्हा होण्याचं प्रमाण १०० मध्ये ५ ते १५ सांगतात, गरोदर असो वा नसो. म्हणजे ‘माझं ऑपरेशन झालंय’ हे वाक्य डॉक्टरांसमोर सगळ्यात आधी यायला हवं, वजन-रक्तदाबाच्याही आधी.

मी एक वही केली. तारीख, कळ कुठून कुठपर्यंत, मुंग्या आहेत का, किती मिनिटं चालता आलं. सवयच तशी, ‘प्रोग्रॅम चालत नाही’ एवढ्यावर आमच्याकडे कुणी काम सुरू करत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ती वही पूर्ण वाचली. साधारणपणे गरोदरपणातलं दुखणं कंबर, बसायची जागा, मांडी इथवर राहतं. गुडघ्याच्या खाली उतरून पावलात मुंग्या आणणारं दुखणं नसेचं असण्याची शक्यता जास्त. मग त्यांनी मला एकेका पायावर टाच उचलून उभं राहायला सांगितलं, आपण पी.टी.च्या तासाला राहायचो तसं. डाव्यावर दहा वेळा जमलं, उजव्यावर तीनदा.

एमआरआय झाला. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन मात्र देत नाहीत. तुकडा पुन्हा बाहेर आला होता, छोटा. ताकद आणखी कमी झाली तर गरोदरपणातही ऑपरेशन करता येतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तशी वेळ आली नाही. कुशीवर झोपणं, गुडघ्यांमध्ये उशी, फिजिओथेरपी, पोटाचा पट्टा, लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. घरातल्या डब्यातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद. २० आठवड्यांनंतर तर त्या बाळाच्या मूत्रपिंडांना आणि गर्भजलाला त्रास देऊ शकतात.

आठव्या महिन्यात जुन्या ऑपरेशनचे कागद घेऊन भूलतज्ज्ञांना भेटले. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पाठीतून भूल देताना जुन्या व्रणामुळे औषध सगळीकडे सारखं पसरेलच असं नसतं. त्यांना हे प्रसूतीच्या टेबलावर कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेलं बरं. पुढे प्रसूती नैसर्गिक झाली. मणक्याचं ऑपरेशन झालंय म्हणजे सिझेरियनच, असं नसतं.

रोज वाशीची लोकल होती. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना परवानगी असते, हे मला सहाव्या महिन्यात एका अनोळखी काकांनी सांगितलं. रजा तेव्हा कायद्याने १२ आठवडे होती. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाली आहे, त्यातले ८ प्रसूतीच्या आधी घेता येतात. तुमच्या भाचीला सांगा.

आणि एक गोष्ट वहीत लिहीत बसायची नाही. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. केईएम आपल्या उशाला आहे.

माझी उजवी करंगळी अजून बधिर आहे. चप्पल निसटली तर कळत नाही, लेक मागून ओरडून सांगते. वहीच्या त्या पानांच्या झेरॉक्स आणल्यात, जेवताना मागून घ्या. मी खुर्ची पकडणार नाही, खिडकीपाशी उभी सापडेन.