पणजोबांचा पत्ता सातबाऱ्यावर

घराण्याचा इतिहास शोधणारे आधी जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळतात. जमिनीचे कागद मात्र वाटणीच्या भांडणापुरतेच बाहेर निघतात!

जुना हस्तलिखित सातबारा पाहा. काही नावांना कंस केलेला असतो. वहिवाटीत त्याचा अर्थ, हे नाव आता कमी झाले. आपल्याला हवी असतात ती नेमकी हीच नावे. शेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्यावरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही काढायची. खातेदार वारला असेल, तर मुले, विधवा, मुली यांची नावे आणि नाती तिथे सापडतात. सासरी गेलेली, वंशावळीतून गळालेली आत्याही कधी कधी इथेच भेटते.

उतारा मिळाला की टिपण करा. ‘आजोबांचा सातबारा’ एवढे लिहून भागत नाही. गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, फेरफार क्रमांक, नोंदीची तारीख, आणि नक्कल कुठून, कधी घेतली तेही लिहा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून दोन्ही हवेत. जिल्हा कागदावर असेल तोच ठेवा. सिंधुदुर्ग 1981 साली झाला. त्याआधीच्या मालवणच्या कागदावर रत्नागिरीच असणार. आजचे नाव शेजारी वेगळे लिहावे.

मोडीतला कागद असेल, तर वाचणाऱ्याचे नावही टिपा. अडलेले अक्षर अंदाजाने भरू नका, जागा कोरी सोडा.